बारा जागा

मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की डाव्या हाताला गुंठेवारीची एक वस्ती लागते. धम्मदीपनगर. कमान आहे, आत विहार आहे, विहारासमोर जयंतीपुरती पुरेल एवढी मोकळी जागा आहे. दुसऱ्या पाळीच्या बसेस दोनच्या आत कमानीपासून सुटतात आणि पहिल्या पाळीची माणसं परतायला चार वाजतात. या मधल्या वेळात वस्तीत साठीच्या आतला जागता पुरुष औषधालाही सापडत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेबरावांना तर सगळ्यांपेक्षा जास्त, कारण निवृत्त झाल्यापासून त्या वेळेत वस्तीवर त्यांचंच राज्य असायचं. पण एखादी गोष्ट ठाऊक असणं निराळं आणि वेळेवर आठवणं निराळं.

साहेबरावांनी पिंपरीतल्या एका कंपनीत, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपवर उभी हयात काढली होती. पर्मनंट माणूस, युनियनचा जुना कार्यकर्ता, आणि आता विहाराच्या मंडळाचा सचिव. सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि म्हणवून घ्यायला त्यांना आवडेही. मिरवण्यापुरतं नव्हे, माणूस कामाचा होता. वस्तीत नळ त्यांनी आणला, दिवे त्यांनी आणले. फक्त एक खोड होती. ज्याचं काम हातात घेतलं त्याच्याशी कधी विचारविनिमय करायचे नाहीत. त्याचं भलं कशात आहे ते त्याच्याआधी त्यांना कळायचं.

दोन वर्षांपूर्वी शालनबाईंचा नवरा सार्वजनिक नळावर कोसळला. दहा माणसं धावली. एकाने कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्याने चप्पल हुंगवली, तिसऱ्याने तोंडात पाणी ओतलं. मग सगळ्यांनी मिळून त्याला रिक्षात कोंबला, गुडघे छातीशी आणि मान लोंबती. रिक्षा नाशिक रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकली आणि तिथेच तो गेला. साहेबराव त्या रिक्षात होते. मान त्यांच्याच मांडीवर होती. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की वस्तीत पुन्हा असं अडाण्यासारखं कुणाला मरू द्यायचं नाही.

मग त्यांनी चपला झिजवल्या. चाकणमधल्या एका कंपनीचा समाजकार्याचा निधी असतो, तो मिळवायला ते गेटवर जाऊन बसायचे. निधीचं काम बघणाऱ्या स्वरूपा मॅडमनी पहिल्यांदा त्यांना नोकरी मागायला आलेला म्हातारा समजून परत पाठवलं होतं. चौथ्या-पाचव्या खेपेला चहा पाजला. शेवटी कंपनी राजी झाली. वस्तीतल्या बारा स्वयंसेवकांना तातडीच्या उपचारांचं पूर्ण प्रशिक्षण, औषधांच्या पिशव्या आणि गळ्यातली ओळखपत्रं, सगळा खर्च कंपनीचा. रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस धरून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम.

जागा बारा आणि मागणारे पन्नास. विहारात बैठक बसली तेव्हा पोरांनी दार सोडून सगळी जागा व्यापली होती. पोरं का आली होती हे साहेबरावांना पुरतं माहीत होतं. बहुतेक कंत्राटी. काही महिने झाले की कंपनी ब्रेक देते, मग पुन्हा नव्याने गेटवर उभं राहा. असं प्रमाणपत्र खिशात असलं की सेफ्टी कमिटीत नाव लागतं, आणि कमिटीत नाव लागलेल्याला काढताना साहेब दोनदा विचार करतो. एक पोरगं पर्मनंट झालं की एक घर उभं राहतं, हे साहेबरावांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिलं होतं. कंपनी देतेच आहे तर एका दगडात दोन पक्षी का मारू नयेत?

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक हात वर झाला. तो त्यांच्या सुनेचा, मिनलचा होता.

"अण्णा, आमची पण नावं घ्या ना. आम्ही दिवसभर वस्तीतच असतो."

शालनबाईही म्हणाल्या, "बरोबर बोलती ती. दुपारचं कोन असतंय हितं?"

साहेबराव हसले. "आणि भाकरी तव्यावर असली तर? ती करपू देऊन धावणार का?"

सगळी पोरं हसली. मिनल हसली नाही. "गॅस बंद करून धावेन," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी तुमचीच नावं पहिली," असं म्हणून साहेबरावांनी विषय मिटवला. बारा नावं ठरली, बाराच्या बारा पोरांची. त्यात त्यांचा मुलगा, मिनलचा नवरा प्रितमही होता, आणि आपला तो बाब्या असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी त्याचं नाव शेवटी घातलं. चाकणच्या कंपन्यांत आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. बाराही पोरं तो रोज जमा करत होती. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला वस्तीत कुणी पडल्याचं कळणार कसं, हे एकानेही विचारलं नाही. विचारणाऱ्याची जागा गेली असती.

प्रशिक्षण सुट्ट्यांच्या दिवशी विहारातच झालं. रबराचं धड, नळ्या, पट्ट्या, सगळं घेऊन शिकवणारे सर आले. साहेबराव वर्गात बसले नाहीत. त्यांना वेळ कुठला? मांडव, चहा, मॅडमची खुर्ची, फोटोवाला. आतून सरांचा आवाज यायचा, पोरं मोठ्याने आकडे मोजायची, आणि बाहेर साहेबराव समाधानाने चहात आलं किसायला सांगायचे. प्रितम मात्र घरी येऊन गोधड्यांची वळकटी करायचा आणि तळवा तळव्यावर ठेवून तिच्यावर दाबायचा. परीक्षा पास व्हायची होती. मिनलला समोर बसवून तो तिला सगळं जसंच्या तसं सांगायचा, म्हणजे स्वतःला पाठ होईल, आणि मग म्हणायचा, आता तू करून दाखव. भिमाबाई भिंतीला टेकून बघत असायच्या.

"जगली का रं गोधडी?" त्या विचारायच्या.

"जगली, आई. मिनलनी वाचवली."

भिमाबाई म्हणजे साहेबरावांची बायको. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी नवऱ्याच्या तोंडावर त्याची चेष्टा करणारी वस्तीतली एकुलती एक व्यक्ती. साहेबराव सभेत बोलायला उठले की त्या शेजारणीला कोपर मारून म्हणायच्या, "निघाली गाडी, आता धक्का स्टार्ट."

ओळखपत्रं वाटायच्या दिवशी ती गाडी जोरात निघाली होती. साहेबराव माइकवर म्हणाले, "शालनताईंच्या मालकांना आपण सगळ्यांनी मिळून मारलं. प्रेमानं मारलं, पण मारलं. यापुढं तसं नको. ज्याच्या गळ्यात ओळखपत्र, त्यानंच हात लावायचा. बाकीच्यांनी लांब उभं राहायचं आणि स्वयंसेवकांच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा. अडाण्यांनी हात लावून माणूस मारायचा नाही!" टाळ्या पडल्या. शिकवणारे सर पुढे येऊन काही सांगू पाहत होते, पण तोवर मॅडमच्या सत्काराची शाल आली.

एप्रिल संपत आला होता. जयंतीच्या पताका अजून खांबांवर होत्या. त्या दिवशी सकाळपासून भिमाबाईंची छाती जळजळत होती.

"पित्त झालंय," त्या म्हणाल्या.

"थंड दूध घे," साहेबराव पेपरातून म्हणाले.

"व्हय, घेते."

दुपारी दुसऱ्या पाळीची बस गेली, वस्ती सुनी झाली. मिनल पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. कारखान्यात लागणारे कापडी हातमोजे ती नगावर शिवून द्यायची. साहेबराव खाटेवर आडवे झाले होते. आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ दुसरा, जड आवाज. मिनल आधी पोचली. भिमाबाई ओट्याखाली उताण्या पडल्या होत्या. दूध फरशीवर सांडलं होतं आणि त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते.

"आई! आई!" मिनलने खांदे हलवले. मग तिने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि तशीच थांबली. "अण्णा, श्वास नाही. गाडीला फोन करा."

साहेबरावांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता सांगताना कमानीचं नाव त्यांना आठवेना. गाडी निघाली आहे, रस्त्यावर गर्दी आहे, असं उत्तर आलं. मग त्यांनी ग्रुप उघडला. टाइप न करता बोलूनच निरोप टाकला, "भिमा पडलीय. घरी या. कुणीपण या." निरोपाखाली एकच बारीक खूण उमटली, पोचल्याची दुसरी उमटलीच नाही. त्यांनी प्रितमला फोन लावला. बंद. समाधानला लावला. समाधान बारा जणांतला एकटाच रात्रपाळीचा, म्हणजे या वेळी घरी झोपलेला असायचा; पण त्या दिवशी त्याचा बदली माणूस आला नव्हता आणि कंपनीने त्याला ओव्हरटाइमला ठेवून घेतला होता. बंद. तिसरा बंद. चौथा बंद. चाकणच्या वेगवेगळ्या गेटांवर, वेगवेगळ्या खणांत, बारा मोबाइल निवांत पडले होते. साहेबरावांना तेव्हा कळलं. कळून उपयोग नव्हता, तरी ते पाचवा नंबर लावत राहिले.

मागे वळून पाहिलं तर मिनल सासूच्या बाजूला गुडघ्यांवर बसली होती. पदर कमरेला खोचलेला, तळवा तळव्यावर, दोन्ही हात ताठ. ती दाबत होती. तोंडाने आकडे मोजत होती आणि साऱ्या अंगाचा भार हातांवर टाकून भिमाबाईंच्या छातीच्या मधोमध दाबत होती. भिमाबाईंचं डोकं प्रत्येक दाबासरशी हलत होतं.

"मिनल, अगं काय करतेस?"

ती थांबली नाही. साहेबराव पुढे आले, आणि त्याच वेळी तो आवाज झाला. वाळली काटकी पायाखाली यावी तसा. भिमाबाईंच्या छातीत काहीतरी मोडलं.

साहेबरावांचं डोकं फिरलं. त्यांना रिक्षा दिसली, मांडीवरची मान दिसली. त्यांनी मिनलचे दोन्ही दंड धरले आणि तिला मागे ओढली.

"मारतेस का तिला? तुला येतं का काही? बरगडी मोडलीस तिची!"

"अण्णा, सोडा. थांबायचं नसतं. सोडा!"

"हात लावू नको म्हणतो ना!"

ती सुटायला धडपडली. हातातल्या बांगड्या फुटल्या. पण प्रेसवर आयुष्य काढलेल्या माणसाची पकड होती ती, शिवाय सासऱ्याची होती. मिनल सैल पडली. "अण्णा, पाया पडते," ती म्हणाली. साहेबरावांनी भिमाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. तळपाय चोळले. "येतायत पोरं, येतायत," असं ते तिला सांगत राहिले. शालनबाई धावत आल्या, दारातच थबकल्या, आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. माइकवर सांगितल्याप्रमाणे त्या लांब उभ्या राहिल्या होत्या.

गाडी आली तेव्हा भिमाबाईंचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि थोड्याच वेळात एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तोवर प्रितम पोचला होता, कंपनीच्या निळ्या गणवेशात, पायात सेफ्टी शूज. पाळी संपवून गेटवर मोबाइल हातात आल्यावर त्याला सगळं एकदम कळलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, इथे यायच्या आधीच गेल्या. मग तिने विचारलं, "घरी कुणी छाती दाबली होती का?"

प्रितमने आधी बापाकडे, मग मिनलकडे पाहिलं.

"म्हणजे, चांगली दाबली होती. बरगडी मोडलीय. नीट दाबलं की मोडते कधी कधी, त्याला घाबरायचं नसतं. पण मग थांबले का? गाडीतल्या माणसाने सांगितलं की तो पोचला तेव्हा कुणीच करत नव्हतं."

"थांबलं नसतं तर वाचली असती?" प्रितमने विचारलं.

"तसं कुणालाच सांगता येत नाही. पण आशा असते ती तेवढीच असते."

साहेबराव भिंतीला टेकले. मोडते. घाबरायचं नसतं. ही दोन वाक्यं वर्गात पहिल्याच दिवशी सांगितली असणार, आणि ते बाहेर चहात आलं किसून घेत होते. प्रितम मिनलकडे वळला. तिच्या मनगटावर काचांचे ओरखडे होते, पण ते पाहायची त्याची नजर नव्हती.

"तू करत होतीस ना? मीच शिकवलं होतं तुला. मग थांबलीस का?"

मिनलने एकदा सासऱ्याकडे पाहिलं.

"दमले मी," ती म्हणाली.

"दमलीस?" प्रितम एवढ्याने ओरडला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "माझ्या आईसाठी दमलीस?"

साहेबराव तेव्हा बोलले नाहीत. अंत्यविधीच्या वेळी बोलले नाहीत. विहारात पुण्यानुमोदन झालं, भन्तेजींनी गाथा म्हटल्या, नातेवाइकांनी भिमाबाईंच्या आठवणी सांगितल्या, तेव्हाही ते मान खाली घालून बसून राहिले. लोकांना वाटलं, अण्णा खचले. खचले होतेच. पण खचलेला माणूसही गप्प राहून काय वाचवतो आहे हे त्याला कळत असतं.

घरात प्रितमने मिनलशी बोलणं सोडलं. तिच्या हातचं पाणी घेईना. कामावरून आला की विहाराच्या पायरीवर बसायचा आणि झोपायलाच घरी यायचा. वस्तीतल्या बायका नळावर कुजबुजायच्या, काही झालं तरी सूनच ती, लेक असती तर दमली असती का? मिनल मुकाट्याने हातमोजे शिवायची. साहेबराव जेवायला बसले की त्यांच्या ताटात दोन भाकऱ्या नेमाने पडायच्या. भाकरीचा तुकडा मोडताना तोच आवाज कानात व्हायचा, आणि ते ताट सरकवायचे.

एके दिवशी त्यांनी विचारलंच. "मिनल, तू असं का सांगितलंस?"

मशीन थांबलं. ती म्हणाली, "काय सांगायचं मग? सासऱ्यानी ओढलं म्हणून? प्रितमनी तोंड पाहिलं नसतं तुमचं. मला चार शिव्या दिल्या तर माहेर आहे, अण्णा. सांगवीला भाऊ आहे. तुम्ही या वयात कुठं जाणार?"

साहेबरावांना हायसं वाटलं. खरंच वाटलं. आपण म्हातारे आहोत, सून शहाणी आहे, काळ जाईल तसं पोरगं विसरेल, असं मनात येऊन गेलं. नंतर त्या हायसं वाटण्याची त्यांना इतकी शरम वाटली की त्यांनी उठून चेहऱ्यावर पाणी मारलं. तरीही ते प्रितमजवळ गेले नाहीत. पायरीवर बसलेला पोरगा खिडकीतून दिसायचा, आणि ते खिडकी लावून घ्यायचे.

महिना उलटल्यावर स्वरूपा मॅडम भेटायला आल्या. भिमाबाईंच्या फोटोसमोर त्या खरोखर रडल्या. मग म्हणाल्या, कंपनीने दुसऱ्या तुकडीचा खर्च मंजूर केला आहे, भिमाबाईंच्या नावाने. पुन्हा बारा जागा. नावं रविवारच्या बैठकीत ठरवा आणि कळवा.

रविवारी विहार पुन्हा भरला. अध्यक्षस्थानी बुद्धरत्न होते, एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर असलेले. वस्तीतली निम्मी पोरं त्यांनीच कामाला लावलेली. प्रितम दाराजवळ भिंतीला टेकून बसला होता. मिनल आली नव्हती.

समाधान म्हणाला, "भाऊ, या वेळी बायकांना घेऊ. मोबाइल आत नेता येत नाही आम्हाला. आम्ही शिकून काय उपयोग झाला, सांगा ना?"

"मी तेच म्हनत होते मागं," शालनबाई म्हणाल्या.

बुद्धरत्नांनी घसा साफ केला. "तुमचं म्हणणं मला पटतं हो. पण ताकदीचं काम आहे ते. बायकांच्यानं होत नाही, हाताच्या काकणाला आरसा कशाला? घरातलंच उदाहरण आहे. मिनलला येत होतं. प्रितमनी शिकवलं होतं. सुरुवात पण केली तिनं. पण दमली. सासू समोर पडलेली असून दमली. मी तिला दोष देत नाही, बाईमाणूस शेवटी. म्हणून म्हणतो, पोरंच घेऊ. मोबाइलचं कंपनीशी बोलू. पोरांचं पुढंमागं भलं पण होईल."

कुणी विरोध केला नाही. काय करणार? गोष्ट खरीच होती, सगळ्यांनी ऐकलेली. बायकांच्या बाजूला माना खाली गेल्या. प्रितमने गुडघ्यात तोंड घातलं. साहेबरावांना सचिव म्हणून वही पुढे केली गेली. नावं लिहा, अण्णा.

मिनल त्यांच्यासाठी एक खोटं बोलली, आणि ते आता वस्तीतल्या सगळ्या बायकांच्या माथी बसत होतं. उद्या पुन्हा कुणीतरी भरदुपारी ओट्याखाली पडेल. पुन्हा बारा मोबाइल गेटवर. पुन्हा शालनबाई तोंडाला पदर लावून दारात. साहेबरावांनी वही बाजूला ठेवली आणि ते उभे राहिले.

"मिनल दमली नव्हती," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांना ऐकू गेला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. "मिनल दमली नव्हती. मी तिला ओढली. भिमाची बरगडी मोडली, तो आवाज मी ऐकला आणि मला वाटलं ही मारतेय तिला. मी तिचे हात धरले. ती पाया पडत होती, सोडा म्हणत होती. मी सोडलं नाही. गाडी येईपर्यंत सोडलं नाही. भिमाला मी मारली. मी वर्गात बसलो नव्हतो, मला काही येत नव्हतं, आणि मीच सगळ्यांना सांगत होतो की अडाण्यांनी हात लावू नये."

बुद्धरत्न बोटांतल्या अंगठीकडे बघत राहिले. प्रितमने मान वर केली. त्याने बापाकडे पाहिलं, जणू ओळख पटत नव्हती. मग उठला, चपला न घालताच बाहेर पडला. साहेबराव उभ्यानेच रडत होते. शालनबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याची मान साहेबरावांच्या मांडीवर होती, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"रडायचं मागनं," त्या म्हणाल्या. "आदी नावं लिवा."

बाराही नावं बायकांची लिहिली गेली. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण लिहिली. पहिलं नाव मिनलचं.

त्या संध्याकाळी प्रितम घरी आला तेव्हा साहेबराव खाटेवर बसले होते. मारेल, ओरडेल, काहीही करेल, अशी त्यांची तयारी होती. तो फक्त समोर उभा राहिला.

"महिनाभर मी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही समोर बसून बघत होता, अण्णा. आईला तुम्ही घाबरून ओढलं, ते मी समजू शकतो. माझ्या हातून पण झालं असतं. पण हे तुम्ही रोज बघत होता. रोज."

पोरगं उत्तर ऐकायला थांबलं नाही.

पुढच्या रविवारी दारात टेम्पो उभा राहिला. सांगवीला मिनलच्या भावाने खोली बघितली होती. तिथूनही कंपनीची बस मिळते. प्रितम सामान उचलून नेत होता आणि बापाच्या अंगावरून असा जात होता की जणू तिथे खांब आहे. मिनल मशीनला जुनी साडी गुंडाळत होती. साहेबराव वही घेऊन तिच्याजवळ गेले. त्यांना काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"मिनल, तुझं नाव पहिलं घातलंय. सांगवीहून येशील ना त्या दिवसांपुरती? मी रिक्षाचं बघतो."

मिनलने गाठ मारली. वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग उभी राहून ती शांतपणे म्हणाली, "मला येतं, अण्णा. माझ्या जागी तुम्ही बसा. आता दुपारी वस्तीत तुम्हीच असणार."